साष्टीच्या विद्यार्थ्याचा युरोप

आमच्या महाविद्यालयांतून युरोप-अमेरिकेचा इतिहास कशासाठी शिकवावा, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. जोगेश्वरीस १९३० साली इस्माईल युसुफ महाविद्यालय निघाले, अंधेरीस १९४६ साली भवन्स महाविद्यालय स्थापन झाले. तेव्हापासून उपनगरांतील विद्यार्थी ल्यूथर, नेपोलियन व वॉशिंग्टन यांच्या कथा परीक्षेपुरत्या पाठ करीत आले आहेत. ज्या इतिहासाशी आपला संबंध नाही तो स्मरणात राहावा कसा, हा आक्षेप वरवर पाहता खरा वाटतो. परंतु संबंध नाही हेच मुळी खोटे आहे, आणि त्याचा पुरावा बोरिवलीच्या कातळात कोरलेला आहे.

मंडपेश्वराच्या लेण्यात नृत्यमग्न शिवाची मूर्ती आहे, भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आहे, आणि माथ्यावर पोर्तुगीज मठाचे भग्नावशेष आहेत. १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादुरशाहाकडून साष्टी बेट, म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतची ही सारी भूमी, पोर्तुगालच्या राजाकडे गेली. त्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पंथाच्या आंतोनियो दो पोर्तो याने या लेण्याचे चर्च केले.

जर्मनीत ऑग्सबर्गचा तह झाला तो याच सुमारास, १५५५ साली. राजाचा जो धर्म तोच प्रजेचा धर्म, हे त्या तहाचे सूत्र. ज्याला ते मान्य नसेल त्याने चीजवस्तू विकून दुसऱ्या राज्यात जावे, एवढीच काय ती मुभा. पोर्तुगालचा राजा त्या तहात सामील नव्हता, तरी साष्टीत त्याचे वर्तन त्याच तत्त्वाने चालले. पोपने दिलेल्या अधिकारान्वये परमुलखातील बिशपांची निवड तोच करी आणि चर्चच्या खर्चाचा भारही तोच उचली. राजसत्ता व धर्मसत्ता यांची तिजोरी एक झाली म्हणजे काय होते, हे पाहण्यास जर्मनीपर्यंत जावयास नको. येथे देवळे पडली आणि देवस्थानांची उत्पन्ने मठांकडे गेली.

पुढे मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईही घेतली, आणि मंडपेश्वरी शिवाची पूजा पुन्हा सुरू झाली. ऑग्सबर्गचे सूत्र सर्वथा खरे असते, तर राज्य पालटताच प्रजेचा धर्मही पालटावयास हवा होता. काही घराणी कालांतराने हिंदू समाजात परतली. पुष्कळ गावे मात्र ख्रिस्तीच राहिली. जे सत्तेच्या जोरावर आले होते, ते दोनशे वर्षांत गावकऱ्यांचे स्वतःचे झाले होते. त्यांची बोली मराठी, त्यांची शेती व मासेमारी पूर्वापार. १८८७ साली त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव धारण केले, त्या नावावरून आणि त्यांच्या उपासनेवरून आमच्यातील कित्येक सुशिक्षित त्यांना परके समजतात. ज्यांनी युरोपच्या धर्मयुद्धांचा इतिहास वाचला आहे, त्यांनी तरी आपल्या शेजाऱ्याचा धर्म आणि जुन्या राजाची जबरदस्ती यांची गल्लत करू नये.

अमेरिकेचा धागाही याच बेटातून जातो. इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस साष्टी बळकावली आणि त्यातून मराठ्यांशी त्यांचे पहिले युद्ध जुंपले. तिकडे १७७५ त अमेरिकेतील वसाहती उठल्या. फ्रान्सचा वकील सँ ल्युबँ १७७७ साली पुण्यास नाना फडणिसांकडे आला, आणि १७७८ त फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उघडपणे युद्धात उतरला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली. दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या तहाने अमेरिका सुटली. सुटलेल्या अमेरिकेने १७९१ त आपल्या संविधानात अशी दुरुस्ती केली की, संघराज्याच्या विधिमंडळाने कोणताही धर्म राजधर्म म्हणून स्थापू नये. ऑग्सबर्गच्या सूत्राला याहून स्पष्ट उत्तर कोणते असणार? मात्र त्याच संविधानाच्या छायेत गुलामगिरी १८६५ पर्यंत नांदली, हेही विद्यार्थ्याने त्याबरोबरच शिकावे.

असा इतिहास कसा वाचावा याचा धडा जोतीराव फुल्यांनी घालून दिला आहे. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. अमेरिकेत जे घडले ते वाचून त्यांनी आपल्याच समाजाला जाब विचारला.

तेव्हा दोष विषयाचा नसून शिकवण्याच्या रीतीचा आहे. अध्यापकांनी ऑग्सबर्गचा पाठ देण्यापूर्वी एखादे दिवशी वर्ग मंडपेश्वरी न्यावा, शिवाची मूर्ती आणि क्रूस ही दोन्ही दाखवावीत, आणि राजाने प्रजेचा धर्म ठरवावा काय, एवढेच विचारावे. ज्या विद्यार्थ्याने त्या प्रश्नाचे उत्तर तेथे उभे राहून शोधले, त्याला पुढे युरोप पाठ करावा लागणार नाही.