एकाच माणसाची अनेक नावं

१९८८ साली सेऊल ऑलिंपिकमध्ये साठ किलो गटात नाईम सुलेमानओग्लू या वेटलिफ्टरने १९० किलो वजन डोक्यावर तोललं. उंची पाच फूटसुद्धा नाही, आणि उचललेलं वजन स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. दोन्ही प्रकार मिळून बेरीज ३४२.५ किलो झाली आणि सुवर्णपदक तुर्कस्तानच्या खात्यात जमा झालं. हाच माणूस चार-पाच वर्षांपूर्वी बल्गेरियाकडून ‘नाईम सुलेमानोव’ म्हणून उतरत असे. नंतर त्याच बल्गेरियाच्या संघात त्याच चेहऱ्याचा ‘नऊम शलामानोव’ दिसू लागला. डिसेंबर १९८६ मध्ये मेलबर्नच्या विश्वचषक स्पर्धेच्या वेळी तो संघातून निसटला आणि तुर्कस्तानच्या आश्रयाला गेला. त्याला नव्या देशाकडून ऑलिंपिकमध्ये उतरता यावं म्हणून तुर्कस्तानने बल्गेरियाला सुमारे दहा लाख डॉलर मोजले. नाईमचे विक्रम त्याच्या एकट्याचे होते. त्याच्या नावाचं मधल्या काळात जे झालं, ते मात्र त्याच्या एकट्याचं नव्हतं. दक्षिण बल्गेरियात, कर्जालीच्या आसपासच्या डोंगरात, तंबाखूच्या शेतांवर राबणाऱ्या लाखो माणसांचं तेच झालं होतं, आणि त्यांच्याकडे पळून जायला विश्वचषक स्पर्धा नव्हती.

सक्तीने नाव बदलण्याच्या या रिवाजाला सुरुवात कम्युनिस्टांनी केली असं बरेचदा म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. धागा बराच मागे जातो, पण आधी एक तांत्रिक बाब सांगायला हवी. बल्गेरियन माणसाचं नाव आपल्यासारखंच तिपदरी असतं: स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. आडनाव पुष्कळदा आजोबांच्या नावावरून आलेलं. त्यामुळे हसनचा असेन करायचा, तर काम एका माणसावर थांबत नाही. त्याच्या मागे बापाचं नाव उभं असतं, त्याच्याही मागे आजोबांचं. सरकारी कागदावर तिघंही बदलावे लागतात, मग त्यांतले दोघं कबरीत का असेनात.

१८७८ मध्ये बर्लिनच्या तहाने बल्गेरियाचं संस्थान झालं, तेव्हा ऑटोमन काळातले लाखो मुसलमान तिथे राहिले होते. त्यांच्यात दोन मोठे समूह होते. एक तुर्की बोलणाऱ्यांचा. दुसरा रोडोपी डोंगरातल्या पोमाकांचा: धर्म इस्लाम, बोली बल्गेरियन. वाद खरा पोमाकांवरून. सोफियातल्या राष्ट्रवाद्यांना ते जबरदस्तीने बाटवलेले आपलेच भाऊ वाटत. तुर्कस्तानला ते तुर्क वाटत. पलीकडे ग्रीसच्या हद्दीतल्या पोमाकांबद्दल अथेन्सची मतं आणखी वेगळी. त्या लोकांना स्वतःला काय वाटतं, हे वेळोवेळी आणि गावागणिक बदलत आलं आहे.

१९१२ च्या ऑक्टोबरात पहिलं बाल्कन युद्ध पेटलं आणि बल्गेरियन फौजा रोडोपीत उतरल्या. फौजेच्या मागोमाग पाद्री आले. गावकऱ्यांना एकत्र करायचं, पाणी शिंपडायचं, पुरुषाच्या डोक्यावरचा फेझ काढून टोपी घालायची आणि नवं नाव वहीत लिहायचं. १९१३ च्या वसंतापर्यंत दीड ते दोन लाख पोमाकांचा असा बाप्तिस्मा झाला असं इतिहासकार मानतात. युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या कार्नेगी आयोगाने १९१४ च्या अहवालात याची नोंद घेतली. चर्चच्या दृष्टीने हे धर्मांतर नव्हतं, घरवापसी होती. पूर्वजांनी जे गमावलं ते परत दिलं जात होतं.

ती परतफेड वर्षभरही टिकली नाही. दुसऱ्या बाल्कन युद्धात बल्गेरिया हरला, सप्टेंबर १९१३ मध्ये ऑटोमनांशी तह झाला आणि पंतप्रधान वासिल रादोस्लावोव यांना बहुमताची चणचण भासू लागली. पोमाकांना जुनी नावं आणि मशिदी परत मिळाल्या. १९१४ च्या निवडणुकीत नव्या प्रदेशातून मुसलमान प्रतिनिधींसह जे लोक निवडून आले, त्यांच्या बळावर रादोस्लावोव तरले. नाव परत मिळण्यामागे दयाबुद्धी किती आणि मतांची बेरीज किती, हे वेगळं सांगायला नको. पुढच्या प्रत्येक खेपेला हीच जोडी दिसते: नाव काढून घेताना ‘परत देतो’ म्हणायचं, आणि खरंच परत देताना हिशेब दुसराच असायचा.

१९३७ साली रोडोपीतल्या स्मोल्यानमध्ये ‘रोदिना’ म्हणजे ‘मातृभूमी’ नावाची संघटना निघाली. या प्रकरणातला हा सगळ्यात गुंतागुंतीचा टप्पा, कारण ती काढणाऱ्यांत खुद्द सुशिक्षित पोमाक होते. त्यांचा एक म्होरक्या स्वेतोस्लाव दुखोव्निकोव, जन्मनाव आरिफ बेय्स्की. धर्म सोडायला त्यांची हरकत होती. बुरखा-फेझ जावा, मशिदीत बल्गेरियन भाषा यावी, नव्या बाळांना स्लाव्ह नावं द्यावीत आणि शेजाऱ्यांनी आपल्याला परका म्हणू नये, एवढंच मागणं. चांगल्या हेतूने सुरू झालेलं हे काम लवकरच सरकारच्या कामी आलं. १९४२ मध्ये कायदा झाला आणि हजारो पोमाकांची नावं सक्तीने बदलली गेली. १९४४ मध्ये सत्ता पालटली. नवं सरकार रोदिनाला फॅसिस्ट म्हणून मोडीत काढत होतं, आणि १९४५ मध्ये जुनी नावं पुन्हा एकदा परत आली. १९१० साली जन्मलेला एखादा पोमाक पस्तिशीत आपल्या पहिल्याच नावावर येऊन पोचला, मधे दोन नावं वापरून.

कम्युनिस्ट राजवटीने सुरुवातीला तुर्की शाळा चालवल्या, तुर्की वृत्तपत्रं छापली. त्याच काळात सुमारे दीड लाख तुर्क १९५०-५१ मध्ये देशाबाहेर लोटले गेले, तेही सांगायला हवं. पन्नाशीच्या दशकाअखेर वारं फिरलं. ‘एकसंध समाजवादी राष्ट्र’ हा शब्दप्रयोग पक्षाच्या ठरावांत येऊ लागला, तुर्की शाळा बल्गेरियन शाळांत विलीन झाल्या. १९६२ मध्ये पॉलिटब्युरोने ठरवलं की रोमा, तातार आणि पोमाक यांनी तुर्कांत मिसळण्याचा कल थांबवायला हवा. उपाय पुन्हा तोच, नाव.

१९६४ मध्ये नावं बदलणारं पथक पश्चिम रोडोपीतल्या रिब्नोवोत पोचलं. गावाने त्याला अक्षरशः हाकलून लावलं आणि पक्षाने माघार घेतली. रिब्नोवो आज त्याच्या हिवाळी लग्नांसाठी प्रसिद्ध आहे, नवरीचा चेहरा पांढऱ्या लेपाने आणि टिकल्यांनी मढवतात ते. पर्यटक त्या चेहऱ्याचे फोटो काढतात. त्या गावाने एकदा पॉलिटब्युरोला मागे हटवलं होतं, हे फोटोच्या ओळींत क्वचितच येतं. माघार तात्पुरती होती. १९७० पासून मोहीम पुन्हा सुरू झाली, गाव-दर-गाव, एका वेळी एकच भाग, म्हणजे एकीकडचा आवाज दुसरीकडे पोचू नये. कोर्नित्सा गावातले लोक १९७३ च्या जानेवारीत चौकात ठाण मांडून बसले, भर थंडीत, दोन महिन्यांहून जास्त. २८ मार्चला पहाटे पोलिस आणि सैनिक आले. गोळीबार झाला, माणसं मेली, कुटुंबं दूरच्या जिल्ह्यांत हलवली गेली आणि गावकऱ्यांना नवी नावं मिळाली.

मग उरले तुर्क. ते संख्येने खूप मोठे. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसमध्ये फौजा उतरवल्यावर सोफियातल्या नेत्यांना कर्जालीच्या डोंगरात दुसरा सायप्रस दिसू लागला होता. बल्गेरियन घरांत मुलं कमी होत होती, तुर्क घरांत तेवढी कमी होत नव्हती. या दोन भीतींवर एक सिद्धान्त बांधला गेला: बल्गेरियात तुर्क नाहीतच. जे स्वतःला तुर्क म्हणवतात ते ऑटोमन काळात इस्लाममध्ये गेलेले बल्गेरियन, आणि त्यांची खरी जाणीव आता जागी होते आहे. या मोहिमेला अधिकृत नाव मिळालं ‘पुनरुज्जीवन प्रक्रिया’. एकोणिसाव्या शतकातल्या बल्गेरियन राष्ट्रीय जागृतीसाठी अभ्यासक्रमात जो शब्द आदराने येतो, तोच इथे उसना घेतला.

डिसेंबर १९८४ च्या शेवटी कर्जाली भागापासून सुरुवात झाली. पद्धत ठरलेली होती. बर्फात पहाटे गाव वेढायचं, टेलिफोन तोडायचे, मग घरोघर जायचं किंवा सगळ्यांना गावच्या कचेरीत बोलवायचं. टेबलावर नावांची यादी. त्यातून निवडा, नाहीतर कारकून निवडेल. पुष्कळांनी पहिलं अक्षर तेवढं वाचवलं. नाईमचा नऊम झाला तो असाच. नव्या नावाचं ओळखपत्र नसेल तर पगार नाही, पेन्शन नाही, लग्नाची नोंद नाही. २६ डिसेंबरला मोगिल्याने गावात जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दीड वर्षाची तुर्कान ही मुलगी आईजवळ असतानाच मारली गेली. तिथे आज तिच्या नावाची पाणपोई आहे. जानेवारीत याब्लानोवो गावाने ट्रॅक्टर आणि ट्रक आडवे लावून रस्ता अडवला. तीन दिवसांनी लष्करी वाहनं घुसली. विरोध करणाऱ्या शेकडोंना डॅन्यूबमधल्या बेलेने बेटावर डांबलं. हिवाळा संपेपर्यंत आठ लाखांहून जास्त लोकांची नावं बदलून झाली होती.

तिपदरी नावाचा पेच इथे पुरता उघडा पडला. नातवाच्या नव्या दाखल्यावर बापाचं आणि आजोबांचं नाव बल्गेरियनच हवं, म्हणून मेलेल्यांची नावंही नोंदवहीत बदलली गेली. काही ठिकाणी कबरींवरची अक्षरं छिलली. जिवंत माणसांना सार्वजनिक जागी तुर्की बोलल्याबद्दल दंड होता, शलवार घालायला बंदी होती, मुलांची सुंता करणं गुन्हा होता. डिसेंबर १९८५ मध्ये जनगणना झाली, पण कोणत्या वंशाचे किती, हे तक्ते छापलेच नाहीत. हा मला सगळ्या कहाणीतला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. जे लोक अस्तित्वातच नाहीत, त्यांचा आकडा कसा छापणार?

नावांनी माणसं गप्प झाली नाहीत. १९८९ च्या मे महिन्यात उपोषणं आणि मोर्चे सुरू झाले. २९ मे रोजी पक्षाचे सर्वोच्च नेते तोदोर झिव्कोव टीव्हीवर आले आणि म्हणाले, तुर्कस्तानने सीमा उघडावी, ज्यांना जायचंय ते जातील. हिशेब बहुधा असा असावा की थोडेच जातील. जून ते ऑगस्ट या काळात साडेतीन लाखांहून जास्त लोक गेले, मोटारींच्या टपावर गाद्या आणि फ्रीज बांधून. पासपोर्ट पर्यटकाचे होते, म्हणून या हद्दपारीला लोकांनी ‘मोठी सहल’ म्हटलं, आणि ते नाव चिकटलं. शेतांत तंबाखू उभी राहिली. सरकारला मनुष्यबळ सक्तीने कामाला लावण्याचा आदेश काढावा लागला. शहरातले नोकरदार आणि विद्यार्थी ती पानं खुडायला गेले. ऑगस्टमध्ये तुर्कस्तानने व्हिसा सक्तीचा केला आणि ओघ थांबला. त्यांतले दीड लाखाच्या आसपास लोक नंतर परत आले.

पलीकडे पोचलेल्यांना मात्र तिसरं नाव मिळालं. तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने प्रत्येकाला तुर्की आडनाव लागतं, शेवटी ‘ओव’ चालत नाही. सुलेमानोवचा सुलेमानओग्लू झाला. याला सक्ती म्हणायचं की स्वागत, हे तिथे गेलेल्या माणसावर सोडलेलं बरं.

१० नोव्हेंबर १९८९ ला झिव्कोव पायउतार झाले. २९ डिसेंबरला पक्षाने नावं परत देण्याचा निर्णय घेतला, आणि जानेवारीत त्याविरुद्ध राष्ट्रवादी मोर्चे सोफियात धडकले. मार्च १९९० मध्ये कायदा झाला. आधी नाव परत घ्यायला न्यायालयात जावं लागे, त्याच वर्षी पुढे ते कचेरीतल्या अर्जावर आलं. ‘हक्क आणि स्वातंत्र्य चळवळ’ हा पक्ष तुर्कांच्या मतांवर उभा राहिला. त्याचे संस्थापक नेते अहमद दोगान कम्युनिस्ट काळात तुरुंगात गेले होते, त्यांचं बदललेलं नाव मेदी दोगानोव; तेच कधीकाळी गुप्त पोलिसांचे खबरे होते, हेही नंतर दप्तरांतून बाहेर आलं. ११ जानेवारी २०१२ ला संसदेने १९८९ च्या हद्दपारीला वांशिक शुद्धीकरण म्हणत निषेधाचा ठराव केला. झिव्कोव आणि इतरांवरचा खटला मात्र निकालापर्यंत कधी पोचला नाही.

पोमाकांचा प्रश्न याहून अवघड राहिला. १९९२ च्या जनगणनेत ८,००,०५२ लोकांनी स्वतःला तुर्क लिहवलं. त्यांत याकोरुदा आणि गोत्से देल्चेव या भागांतले पोमाकही होते, तेव्हा संसदेने तिथले आकडे रद्दच केले: बोली बल्गेरियन असताना तुर्क कसे? २०२१ मध्ये तुर्कांचा आकडा ५,०८,३७८ होता. या घसरणीत जन्मदरापेक्षा जर्मनी आणि तुर्कस्तानकडे निघालेल्या बसेसचा वाटा मोठा. पोमाक म्हणून वेगळा वंश राज्य मानत नाही. स्मोल्यानकडच्या मध्य रोडोपीत अनेकांनी बल्गेरियन नावंच ठेवली आहेत, पश्चिमेला रिब्नोवोसारख्या गावांनी जुनी परत घेतली. एकाच घरात आजीचं नाव मुसलमानी, मुलाचं बल्गेरियन आणि घरात हाक मारायला तिसरंच, असंही चालतं.

बल्गेरियातल्या नगरपालिकेच्या कचेरीत नावांच्या या गुंत्यासाठी एक छापील दाखला मिळतो. अमुक नावाचा, तमुक नावाचा आणि अलाण्या नावाचा माणूस एकच आहे, असं त्यावर प्रमाणित केलेलं असतं. इस्तंबूलला किंवा बुर्साला स्थायिक झालेले लोक बल्गेरियातली नोकरीची वर्षं पेन्शनला जोडायला, वडिलांची शेती नावावर करायला तो घेतात. अर्जात क्रमाने सगळी नावं भरायची असतात, वडिलांच्या नावासकट.