थिबा राजवाडा, मंगलोरी कौल आणि पत्र्याचा कंटेनर

मे महिन्यात दुपारी थिबा राजवाड्यात एकदा जाऊन या. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात, आणि आत शिरलं की दोन मिनिटांत जीव शांत होतो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा त्याला राहायला मिळाला तो 1910 मध्ये, म्हणजे 24 वर्षांनी. पुढे सहा वर्षांत तो गेलाही. राजा कैदी होता, पण घर मात्र हवेशीर मिळालं. जांभ्याच्या जाड भिंती, उंच छत, मोठाल्या खिडक्या, आणि जागा अशी उंचावर की भाट्याच्या खाडीवरचा वारा थेट आत.

आपल्याकडे हे ज्ञान राजवाड्यापुरतं नव्हतं. साध्या घरालाही पडवी असायची, म्हणजे ऊन भिंतीला लागायचंच नाही. वर माळा आणि त्यावर कौलं. कौलांच्या फटींतून गरम हवा आपसूक निघून जायची.

आता गंमत बघा. 'मॉड्युलर' म्हणून आज जे विकतात, ते कोकणाला नवीन नाही. खाणीतून ठरलेल्या मापाचा चिरा काढायचा आणि रचायचा, ही तीच पद्धत. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. एकसारखी, एकात एक अडकणारी कौलं. गलबतांतून ती किनाऱ्याने वर आली आणि गावठी नळीची कौलं हळूहळू मागे पडली. तुटलं तर एकच कौल बदला, काम झालं!

मग बिघडलं कुठे? 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. घरं वाहून गेलेल्यांना तात्पुरता निवारा म्हणून मिळाले कंटेनर. घाईच्या वेळी दुसरं काय देणार, हेही मान्य. पण तात्पुरतं म्हटलेलं आपल्याकडे किती काळ चालतं, हे मी बातमीदारीत पुरेसं पाहिलंय. असल्या एका केबिनमध्ये (दुसरीकडे, एका कामाच्या साइटवर) मी एप्रिलमधली दुपार काढली आहे. भिंतीला हात लावला तर चटका बसत होता.

पत्रा तापायला वेळ लागत नाही, हे सांगायला इंजिनिअर नको. आता पत्र्याच्या दोन थरांत फोम भरलेलं पफ पॅनल मिळतं. ते वाईट नाही. 50 मिलिमीटरचं पॅनल उष्णता अडवण्यात जांभ्याच्या दीड फुटी भिंतीलाही मागे टाकतं. घोळ आहे तो आपल्या दमट हवेत. खोकं बंद करून आत मोठा एसी लावला, तर हवा पटकन थंड होते, एसी बंद पडतो आणि दमटपणा तसाच राहतो. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी धरते. वर विजेचं बिल. 2020 पासून नवे एसी 24 अंशांवर लावूनच येतात. एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगतं. चांगलंच आहे, पण ज्याचं घर वाहून गेलं त्याने एसी कुठून आणायचा?

माझं म्हणणं साधं आहे. केबिन द्याच, पण तिच्यावर हातभर अंतर सोडून दुसरं छप्पर घाला, त्यावर झावळ्या टाकल्या तरी चालतील. पश्चिमेला पडवीसारखी सावली करा. समोरासमोर खिडक्या ठेवा, आणि छताजवळ गरम हवा निघायला झडपा. चौथरा उंच घ्या. यातलं काहीही परदेशातून आणायचं नाही. कोकणातल्या कुठल्याही जुन्या सुताराला विचारा, तो तुम्हाला दिशा दाखवून सांगेल की वारा कुठून येतो.

पुढच्या वेळी अशा केबिनची निविदा निघेल, तेव्हा एवढ्या चार गोष्टी तिच्यात आहेत का ते मी बघणार आहे. तुमच्याकडे आधीची एखादी निविदा असेल तर पाठवा.