गालाआडचे दार

कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आडुतुरै हे गाव लागते. व्यंकोजीराजांच्या वंशाकडे १८५५ पर्यंत ज्या तंजावरचे राजपद होते, त्याच प्रांताचा हा भाग. कावेरीकाठची भातशेती आणि कुंभकोणमची नागवेलीची पाने ही या टापूची ख्याती.

विडा तोंडात धरला म्हणजे अंगात ऊब येते, किंचित तरतरी वाटते. ही तरतरी केवळ पोटाच्या वाटेने येत नाही. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य चुन्याच्या क्षारतेमुळे अशा रूपात मोकळे होते की, गालाच्या आतील नाजूक अस्तरातून ते थेट रक्तात उतरते. विड्याला चुना लावणाऱ्या पहिल्या माणसाने रसायनशास्त्र वाचले नव्हते; परंतु गालाआडचे हे दार त्याला सापडले होते खास!

वैद्यकाला ते पुष्कळ उशिरा सापडले. १८७९ मध्ये विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरने हृदयशूळावर नायट्रोग्लिसरीनचा उपयोग प्रसिद्ध केला आणि पुढे त्याची गोळी जिभेखाली ठेवण्याचा प्रघात पडला. गिळलेल्या नायट्रोग्लिसरीनचा बहुतेक अंश यकृतातच नष्ट होतो. तोंडातून रक्तात शिरलेले औषध मात्र यकृताला वळसा घालून हृदयाकडे जाते.

अडचण होती ती लाळेची. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि औषध घशाखाली वाहून नेते. त्यावर उपाय निघाला तो डिंकाचा. १९४७ मध्ये अमेरिकेत ट्रॅगाकँथ डिंक आणि कवळी चिकटवण्याची भुकटी यांत पेनिसिलीन मिसळून ते तोंडाच्या अस्तराला लावण्यात आले. पुढे जपानात, तोंड आलेल्या जागी चिकटून राहणारी दुपदरी चकती निघाली. तिच्यातील बहुवारिक द्रव्य अस्तराचा ओलावा शोषून फुगते आणि त्याच्या लांब साखळ्या तेथील बुळबुळीत श्लेष्म्यात गुंततात. औषध मग सावकाश झिरपत राहते.

परंतु हे दार औषध आणि विष यांत भेद करीत नाही. टाळू आणि घशाच्या कमानी आतून तंतुमय होऊन ताठरतात, या विकाराचे वर्णन मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. आदल्याच वर्षी श्वार्ट्झ यांना केनियातील पाच भारतीय स्त्रियांत असाच विकार आढळला होता. त्याचे मुख्य कारण सुपारी हे पुढे निश्चित झाले. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीची गणना कर्करोगकारक द्रव्यांत केली. विकार बळावला की रोग्याला घास घेण्यापुरतेही तोंड उघडवत नाही. अशा ताठरलेल्या गालाला आतून औषधाची चिकट पट्टी लावण्याचे प्रयोग आता होत आहेत.