माणसं बदलली, वस्ती तीच

आज जाऊया १९२० च्या दशकातल्या शिकागोत. इटली-पोलंडहून आलेले लोक म्हणजे गुन्हेगार, असं तेव्हा अमेरिकेत सर्रास बोललं जायचं. १९२४ च्या कायद्याने तर त्यांच्या येण्यावर कडक कोटाच बसवला.

त्याच सुमारास शिकागो विद्यापीठात प्राध्यापक अर्नेस्ट बर्जेस विद्यार्थ्यांना शहराचे नकाशे करायला लावत होते. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके तिथलेच विद्यार्थी. पुढे या दोघांनी बालन्यायालयाच्या नोंदी काढल्या आणि प्रत्येक मुलाच्या घराच्या जागी नकाशावर एक ठिपका दिला. हजारो ठिपके, तेही हाताने! इथे आपलं एक्सेल हँग झालं तरी आपण वैतागतो.

ठिपके दाट होते कारखान्यांलगतच्या पडक्या वस्त्यांत. आधी तिथे जर्मन, आयरिश राहायचे. नंतर पोलिश, इटालियन आले. माणसं बदलली, तरी तिथलं प्रमाण चढंच राहिलं. आणि जे समाज तिथून बाहेर पडले, त्यांच्या मुलांमधलं प्रमाण उतरलं. आता, कोर्टाच्या नोंदीत फक्त पकडलेलीच पोरं येतात, हा दोष उरतोच. पण ‘रक्तातच गुन्हेगारी’ हे म्हणणं या नकाशांपुढे टिकत नाही.

१९४२ साली हे सगळं पुस्तकात आलं. दोघांचीही पीएचडी मात्र राहिली ती राहिलीच. आणि तो कोटा? तो १९६५ पर्यंत चालू होता.