आपल्याच शब्दांची आवर्तने : उत्स्फूर्त ख्रिस्ती प्रार्थनेतील पुनरुक्ती

पुस्तकात न पाहता, मनात येईल तसे बोलून केलेल्या ख्रिस्ती प्रार्थनेला उत्स्फूर्त प्रार्थना म्हणतात. छापील प्रार्थनेतली पुनरुक्ती ठरवून घातलेली असते. उत्स्फूर्त प्रार्थनेत ती कोणी न ठरवता येते, आणि वाद झाला तो तिच्यावरूनच. त्याची दोन्ही टोके नव्या करारात सापडतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना पोकळ बडबडीपासून सावध करतो. त्याच शुभवर्तमानाच्या सव्विसाव्या अध्यायात, गेथशेमाने बागेत, तो स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना करतो. पुढच्या काळात प्रत्येक पक्षाने आपापल्या सोयीचा अध्याय उघडला.

आरंभीच्या मंडळ्यांत दोन्ही रीती शेजारी नांदत होत्या. ‘दिदाखे’ ही जुनी नियमावली प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगते आणि संदेष्ट्यांना मात्र हवी तशी उपकारस्तुती करू द्यावी असेही बजावते. इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा जस्टिन सांगतो की, उपासना चालवणारा आपल्या कुवतीप्रमाणे प्रार्थना करतो. ही मोकळीक फार टिकली नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील धर्मसभांनी जाणत्या बांधवांना दाखवल्याशिवाय नव्या प्रार्थना वापरू नयेत असा नियम केला. सार्वजनिक उपासनेतून उत्स्फूर्तता हळूहळू मागे सरली.

ती जगली इजिप्तच्या वाळवंटात. तिथल्या संन्याशांनी प्रार्थना लांबवण्याऐवजी तोडून लहान केली आणि ती पुन्हा पुन्हा म्हटली. मॅकेरियस या संन्याशाला कोणी विचारले की प्रार्थना कशी करावी, तेव्हा त्याने लांब बोलण्याची गरज नाही, हात पसरून दया मागितली तरी पुरे, अशा अर्थाचे उत्तर दिले. जॉन कॅशनने पाचव्या शतकात नोंदवलेल्या संवादांत आबा आयझॅक स्तोत्रसंहितेतली धाव्याची एकच ओळ भुकेला, झोपेला, रागाला आणि आनंदालाही लावायला शिकवतो. ऑगस्टीनने ४१२च्या सुमारास प्रोबा या रोमन विधवेला लिहिलेल्या पत्रात या इजिप्शियन बांधवांच्या आखूड, बाणासारख्या सुटणाऱ्या प्रार्थनांचे कौतुक केले आहे. फार बोलणे वेगळे आणि फार प्रार्थना करणे वेगळे, हा त्याने केलेला भेद पुढे सगळ्यांनाच उपयोगी पडला.

मोजणीचा मोहही तिथलाच. संन्याशांच्या कथा नोंदवणाऱ्या पॅलाडियसच्या ग्रंथात पॉल नावाचा एक संन्यासी रोज ३०० प्रार्थना करतो. मांडीवर तितके खडे घेऊन बसतो आणि प्रत्येक प्रार्थनेला एक खडा टाकतो. एका गावातली व्रतस्थ कुमारिका ७०० प्रार्थना करते हे कानावर आल्यावर तो खचतो आणि मॅकेरियस नावाच्याच दुसऱ्या एका संन्याशाकडे जातो. मॅकेरियस सांगतो की तो स्वतः शंभरच करतो आणि त्याचे मन त्याला खात नाही. खड्यांची जागा पुढे पूर्वेकडे गाठींच्या दोरीने आणि पश्चिमेकडे मण्यांच्या माळेने घेतली. पूर्वेकडे आखूड हाकेतून येशूचे नाव घेऊन दया मागणारी ‘येशू-प्रार्थना’ घडली. चौदाव्या शतकात ॲथॉस पर्वतावरच्या मठवासीयांसाठी ग्रेगरी पालामास वादात उतरला, तो या प्रार्थनेच्या बाजूने. व्हेनिसमध्ये १७८२ साली छापलेल्या ‘फिलोकालिया’ या संग्रहाने आणि एकोणिसाव्या शतकातल्या एका अनामिक रशियन यात्रेकरूच्या कथेने तिचा प्रसार केला. त्या कथेतला गुरू शिष्याला दिवसाला आधी ३०००, मग ६०००, मग १२००० आवर्तने नेमून देतो. नामस्मरण ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण इथे शब्द ठरलेले असतात. उत्स्फूर्ततेचा प्रश्न बाजूलाच राहतो.

तो पुन्हा ऐरणीवर आला सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. १५४९ पासून चालत आलेल्या सामान्य प्रार्थनापुस्तकात तीच वचने, तेच प्रतिसाद वारंवार येतात, ही चर्चची आणखी सुधारणा मागणाऱ्या प्युरिटनांची जुनी तक्रार होती. १६४५ साली पार्लमेंटने ते पुस्तक हटवून उपासनेची एक मार्गदर्शिका आणली. तिच्यात म्हणायचे शब्द नव्हते, तर कोणत्या क्रमाने काय मागावे याची टिपणे होती. राजेशाही परतल्यावर १६६१ साली सेव्हॉय येथे दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या. मंडळीच्या पुन:पुन्हा येणाऱ्या प्रतिसादांमुळे नुसता गलबला होतो, असे प्युरिटन वळणाच्या प्रेस्बिटेरियनांचे म्हणणे. लांबलचक कंटाळवाण्या प्रार्थनेपेक्षा हे आखूड प्रतिसाद बरे, असे बिशपांचे उत्तर. पुढच्याच वर्षी नवे पुस्तक सक्तीचे झाले आणि सुमारे २००० पाळकांना आपली पदे सोडावी लागली. त्या सुमारास बेडफर्डच्या तुरुंगात असलेल्या जॉन बन्यनने छापील प्रार्थनेविरुद्ध एक आवेशपूर्ण पुस्तिकाच लिहिली.

ज्यांनी पुस्तक सोडले, त्यांची पुनरुक्ती मात्र सुटली नाही. हे लक्षात आणून दिले मोकळ्या प्रार्थनेच्याच पुरस्कर्त्यांनी. आयझॅक वॉट्सने १७१५ साली प्रार्थनेचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. शब्द सापडत नसताना रिकामी जागा भरायला देवाचे नाव वापरू नये, अशी ताकीद त्यात आहे. प्रिन्स्टनचे सॅम्युएल मिलर यांनी १८४९ साली सार्वजनिक प्रार्थनेतल्या दोषांची यादी केली, तिच्या अग्रभागी आवडत्या शब्दांची आणि देवाच्या नावांची सततची आवर्तनेच होती. प्रवचनकार स्पर्जन तर लंडनमधल्या आपल्या विद्यार्थ्यांसमोर अशा ठरावीक वाक्प्रचारांची थट्टाच करत असे. बायबलमधले म्हणून सर्रास वापरले जाणारे एक रूपक बहुधा अलिबाबा आणि चाळीस चोरांच्या गोष्टीतून आले असावे, असा टोमणा त्याने मारला आहे.

या टीकाकारांचा कान तिखट होता. कारणमीमांसा मात्र त्यांनी आळशीपणापाशी थांबवली. दोष केवळ आळसाचा नाही. उभ्याउभ्या बोलणाऱ्याला पुढचे वाक्य सुचेपर्यंत जिभेला काहीतरी हातचे लागते, आणि संबोधन हे सर्वांत हाताशी असलेले. मराठी मंडळ्यांतही ‘हे प्रभू’, ‘प्रेमळ पित्या’ ही संबोधने वाक्यावाक्याला येतात आणि शेवट येशूच्या नावाने मागण्यावर होतो. तेवढ्याने प्रार्थना खोटी ठरत नाही. मौखिक महाकाव्य रचणारे गायक ठरीव पदबंधांवर तोलून नवी कथा सांगतात, हा सिद्धान्त ब्रूस रोझेनबर्ग यांनी १९७० साली अमेरिकेतल्या लोकप्रवचनांना लावून दाखवला. प्रार्थनेलाही तो लागू पडतो. आफ्रिकन-अमेरिकन मंडळ्यांत प्रार्थना करणारा रात्रीचे अंथरूण मृत्युशय्या झाले नाही, सकाळी जाग आली, याबद्दल आभार मानून सुरुवात करतो. हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात. बसलेले लोक मधूनमधून होकार देतात, त्यामुळे ओळ परत घ्यावीच लागते. तिथे पुनरुक्ती टाळणारा माणूस कोरडा वाटतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या संजीवनांनी, म्हणजे सामूहिक धर्मजागृतीच्या लाटांनी, पुनरुक्तीला उघड मान मिळवून दिला. वेल्समध्ये नोव्हेंबर १९०४ मध्ये इव्हान रॉबर्ट्स या तरुणाने लॉकर गावच्या चॅपलमध्ये एक साधी विनंती प्रत्येकाला आळीपाळीने म्हणायला लावली : येशूसाठी आत्मा आता पाठव. फेरी पूर्ण झाली की तिच्यात एखादा शब्द वाढवून पुन्हा सुरुवात. शब्द नेमलेले, पण प्रत्येकाच्या तोंडी ते त्याचे होत.

या बातम्या केडगावला पोचत होत्या. पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये तिथल्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेसाठी स्वेच्छेने पुढे येण्याचे आवाहन केले, तेव्हा सुमारे ७० जणी आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० झाली. त्या महिन्याच्या अखेरीस तिथे संजीवन सुरू झाले आणि शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, आपापली प्रार्थना करू लागल्या. अशा कल्लोळात रचलेली लांब वाक्ये टिकत नाहीत. राहते ती हाक, कबुली आणि त्यांची आवर्तने. शिस्तशीर उपासनेला सरावलेल्या काही मिशनऱ्यांना हे रुचले नाही. रमाबाईंनी मात्र भारतीयांचे संजीवन भारतीयांच्या स्वभावाला धरूनच व्हावे अशी भूमिका घेतली. सेव्हॉयमध्ये ज्या गलबल्याची तक्रार झाली, त्याहून मोठा गलबला इथे आत्म्याची खूण ठरला.

जानेवारी १९०७ मध्ये प्याँगयांगच्या चांगदेह्योन चर्चमध्ये जवळजवळ तेच घडले. मिशनरी ग्रॅहम ली यांनी प्रार्थनेला बोलावले, अनेक जण एकदम बोलू लागले, तेव्हा त्यांनी सगळ्यांनाच एकत्र प्रार्थना करू दिली. ‘तोंगसोंग किदो’ या नावाने ही पद्धत कोरियन मंडळ्यांत कायमची रुजली आणि आज बहुधा प्रभूला तीनदा मोठ्याने हाक मारून तिची सुरुवात होते. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर १९०६ साली सुरू झालेल्या सभांमधून पेंटेकॉस्टल चळवळ जगभर गेली. तिच्या उपासनेत एकाच स्तुतिवचनाची दीर्घ आवर्तने नेहमीची झाली.

कॅथलिकांकडे उत्स्फूर्त प्रार्थना उलट दिशेने आली. रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आणि लदीन (आळवणीची प्रतिसादात्मक प्रार्थना) यांची सवय असलेल्या या चर्चमध्ये १९६७ साली पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातून करिष्माई नवीकरण सुरू झाले. पुढे ते मुंबई, वसई आणि गोव्यातही पोचले. त्याच्या प्रार्थनागटांत सभासद स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करतात, एकाच नामाचा गजर करतात आणि पुष्कळदा सभेची सुरुवात रोझरीनेच होते. ज्या आवर्तनांवर प्रोटेस्टंटांनी टीका केली होती, तीच छापील आणि उत्स्फूर्त अशा दोन्ही रूपांत इथे एकाच बैठकीत चालतात.