जीप कोणी घडवली?

कल्याण स्टेशनबाहेर उल्हासनगरची रिक्षा धरली की चालक विचारतो, ‘कोणता कॅम्प?’ दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची मोठी संक्रमण छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला, 1949 मध्ये वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. पण एक ते पाच हे कॅम्पचे क्रमांक लोकांच्या तोंडी कायम राहिले. त्याच युद्धाने आपल्या भाषेला ‘जीप’ हा शब्द दिला. तहसीलदारांची जीप, निवडणुकीची जीप, मुरबाडच्या बाजूला धावणारी खच्चून भरलेली जीप. गाडी कोणत्याही कंपनीची असो, गावाकडे ती जीपच.

जीप कोणी तयार केली, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत आला तर ‘विलिज’ हे उत्तर बरोबर धरले जाईल. आमच्या मते ते अपुरे आहे.

जून 1940 मध्ये फ्रान्स पडला. घोडा आणि मोटरसायकल यांची जागा घेईल अशी टेहळणीची हलकी गाडी अमेरिकन लष्कराला तातडीने हवी होती. जुलैमध्ये 135 कंपन्यांना विचारणा झाली. अटी अशा : चारही चाकांना शक्ती, वजन 1300 पौंड (सुमारे 590 किलो) आणि पहिला नमुना 49 दिवसांत. एवढ्या मुदतीत नमुना देण्याची तयारी दाखवली ती पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या अमेरिकन बँटम या कंपनीने. छोट्या मोटारी बनवणारी ही कंपनी तेव्हा दिवाळखोरीच्या काठावर होती. तिने डेट्रॉइटचा अभियंता कार्ल प्रोब्स्ट याला बोलावले. 17 जुलैला तो कामाला लागला आणि दोन दिवसांत मुख्य आराखडे तयार झाले. वजनाची अट पाळणे अशक्य आहे हे त्याला लगेच दिसले. निविदेत मात्र मर्यादेत बसणारा आकडा लिहिला गेला! 23 सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीत पोचली.

चारही चाकांचा आग्रह कशासाठी? चाक जमिनीला मागे ढकलते ते घर्षणाच्या बळावर, आणि घर्षणाची कमाल मर्यादा त्या चाकावर पडणाऱ्या भाराच्या प्रमाणात असते. गाडीचा निम्मा भार मागच्या चाकांवर असेल आणि इंजिन तीच दोन चाके फिरवत असेल, तर उपलब्ध पकडीपैकी निम्मीच कामी येते. चारही चाके फिरवली की सगळी पकड वापरता येते. चिखलात हा फरक निर्णायक ठरतो. पण याची किंमत मोजावी लागते. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. शाळेच्या मैदानात सायकलची चाके ओली करून लहान वर्तुळात फिरवा, दोन वेगळ्या रेषा उमटतील. जीपमध्ये पुढचा व मागचा आस एकमेकांशी पक्के जोडले, तर अंतरातील हा फरक टायर घसरूनच भरून निघतो. चिखलात ते सहज होते, कोरड्या रस्त्यावर यंत्रणेवर ताण येतो. म्हणून पुढच्या चाकांची शक्ती तोडण्यासाठी चालकाजवळ वेगळा दांडा ठेवलेला असे.

बँटमची गाडी पसंत पडली. पण एवढीशी कंपनी हजारोंनी गाड्या देईल याचा लष्कराला भरवसा नव्हता. विलिज आणि फोर्ड यांच्या अभियंत्यांना ती गाडी पाहू दिली गेली, तिचे आराखडेही मिळाले. नोव्हेंबर 1940 मध्ये दोघांचे नमुने आले. विलिजची बाजू भक्कम होती ती इंजिनामुळे. बार्नी रूस याने सुधारलेले हे इंजिन 60 अश्वशक्तीचे होते. बँटमचे सुमारे 45. वजनाची मर्यादा वाढवून 2160 पौंड केली तरी विलिजची गाडी जड भरली, तेव्हा रूसच्या माणसांनी जास्तीची लांबी असलेले बोल्टसुद्धा कापून वजन उतरवले. जुलै 1941 मध्ये मोठी मागणी विलिजला मिळाली आणि पुढे तोच आराखडा फोर्डनेही वापरला. जीपचा ओळखीचा, उभ्या फटींचा पत्र्याचा तोंडवळा फोर्डच्या कारखान्यातला. युद्धात दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारांहूनही कमी आल्या; उरलेले युद्ध तिने ट्रेलर बनवत काढले. जीप आपणच निर्माण केली अशी जाहिरात विलिजने करू नये, असा आदेश अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 1948 मध्ये दिला, पण तोवर फार उशीर झाला होता. 1950 मध्ये ‘जीप’ हे व्यापारचिन्ह विलिजच्याच नावावर नोंदले गेले.

मुंबईत 1945 मध्ये जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलले. विलिजचे सुटे भाग आणून जीप जोडण्याचे काम तिने माझगावला सुरू केले. पुढे परवान्याखाली जीप येथेच बनू लागल्या. युद्धोत्तर विलिजचा उंच बॉनेटचा नमुना अमेरिकेत बंद झाल्यावरही आपल्याकडे कित्येक वर्षे निघत राहिला.

याच घराण्यातली ‘रॉक्सर’ महिंद्रने 2018 मध्ये अमेरिकेत विकायला काढली. तेव्हा जीपची मालकी असलेल्या फियाट क्रायस्लरने तक्रार केली. रॉक्सरचे रूप जीपसारखे आहे असे ठरवून आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने 2020 मध्ये तिच्यावर बंदी घातली. तोंडवळा बदलल्यावर त्याच वर्षी विक्रीला वाट मोकळी झाली. बँटम कंपनी तोवर बंद होऊन अनेक दशके लोटली होती.