पेज (सराया-जेड बेविस)

(१७ ऑगस्ट १९९२ – ). इंग्लंडमधील नॉर्विच येथे जन्मलेली व्यावसायिक कुस्तीगीर. ही कुस्ती आखाड्यातली नव्हे. तिचा निकाल आधी ठरतो, पण अंगावर पडणारी आपट खरी असते. वडील ‘रिकी नाइट’ आणि आई ‘स्वीट सराया’ या नावांनी कुस्ती खेळत. नॉर्विचमध्ये त्यांची स्वतःची कुस्तीसंस्था होती. पोटात बाळ आहे हे माहीत नसल्याने गरोदरपणातही आई रिंगणात उतरत होती. एवढ्या कुस्तीमय घरात वाढूनही लहानपणी मुलीला कुस्तीची भीतीच वाटे.

एक कुस्तीगीर आयत्या वेळी आली नाही म्हणून २००५ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, वडिलांनी तिला रिंगणात उतरवले. ‘ब्रिटनी नाइट’ या नावाने ती पुढे युरोपात खेळली. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्तीसंस्थेच्या पहिल्या चाचणीत ती नापास झाली. २०११ मध्ये मात्र तिला करार मिळाला आणि ती फ्लोरिडाला गेली. फिकट चेहरा, काळा पोशाख, काळेभोर केस हे तिचे रूप तिथल्या साचेबंद झगमगाटात उठून दिसले. २०१३ मध्ये ती एनएक्सटीची, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या नवोदितांसाठीच्या शाखेची, पहिली महिला विजेती ठरली.

७ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे ती डब्ल्यूडब्ल्यूईच्या ‘डिव्हाज’ या महिला गटाच्या विजेत्या एजे लीचे अभिनंदन करायला रिंगणात आली. लीने तिच्या थोबाडीत मारून तिथेच आव्हान दिले. काही मिनिटांत विजेतेपदाचा पट्टा पेजच्या हाती होता. त्या वेळी ती २१ वर्षांची होती. डिव्हाज विजेतेपद इतक्या लहान वयात आधी कोणीही मिळवले नव्हते.